चावी जरा उशिरा फिरवा

मुंबईहून येताना कसारा घाट चढून गाडी वर आली की घाटनदेवीपाशी थांबायचं, ही आपल्या नाशिककरांची जुनी रीत. देवीला हात जोडायचे, दरीकडे बघायचं, मग पुढे इगतपुरीत चहा. जरूर थांबा. फक्त गाडी टर्बो पेट्रोल असेल तर ब्रेक दाबल्या दाबल्या चावी फिरवू नका, एवढं मी भेटेल त्याला सांगत असतो. नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली. आता संध्याकाळी अंबडला एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजवर जाऊन बसतो. तो हातानं काम करतो, मी तोंडानं.

नाशिक तसं डिझेलचं गाव. मायको सर्कलला ज्या कारखान्यावरून नाव पडलं, तिथं डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले. इथल्या मेकॅनिकांचा हात डिझेलवरच बसला. मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं, बऱ्याच छोट्या डिझेल गाड्या एकेक करून बाजारातून उठल्या आणि त्या जागेवर टर्बो पेट्रोल येऊन बसलं. यात कराचंही गणित आहे. गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की कर कमी. तेव्हा कंपन्यांनी इंजिन लहान ठेवलं आणि ताकद टर्बोतून काढली. आपल्या नाशिकच्याच महिंद्रा कारखान्यात बनणारी एक्सयूव्ही ३००, आणि २०२४ मध्ये तिच्या जागी आलेली ३एक्सओ, यांचं पेट्रोल इंजिन ११९७ सीसीचं, तीन सिलिंडरचं. त्याचा वरचा अवतार १३० हॉर्सपॉवर देतो. आमच्या उमेदीच्या काळातली प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीत ४० च्या आसपास द्यायची, आणि त्यातही आम्ही खूश होतो.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक चाक फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून जोर जास्त. कागदावर हे सोपं दिसतं. पण हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि पेट्रोल इंजिनाचा जळका वायू पूर्ण जोरात ९०० अंशांपर्यंत जातो. डिझेलचा त्या मानानं बराच थंड. म्हणून ‘ट्रकला टर्बो असतो, त्याला काय होतंय’ हा हिशेब इथं लागू पडत नाही.

एवढ्या वेगात दांड्याला कोण सांभाळतं? बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंग नसतं. दांडा तरंगतो तो केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर. इंजिन बंद केलं की तेलाचा पंपही थांबतो. टर्बो मात्र तापलेलाच असतो, आणि त्याच्या पोटात अडकलेलं तेल तिथल्या तिथं करपतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती कूलंट फिरतं, काहींत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप ते फिरवत राहतो. त्यामुळे मंडईत जाऊन आल्यावर गाडी उगाच चालू ठेवून उभं राहायची गरज नाही. घाट चढून आल्यावर, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर पोहोचल्यावर, किंवा समृद्धी महामार्गावर तासभर १२० नं पळवून थेट पेट्रोल पंपावर शिरल्यावर मात्र एखादं मिनिट द्या. त्याहून सोपं म्हणजे शेवटचे एक-दोन किलोमीटर निवांत चालवा.

मध्यंतरी गॅरेजवर एक गाडी आली. टर्बो दुसरीकडे कुठंतरी नवा बसवलेला, तरी पुन्हा शिट्टी आणि मागून निळा धूर. पोरानं टर्बो उतरवून टेबलावर ठेवला. चाक बोटानं हलवलं तर ते भिंतीला घासत होतं, म्हणजे दांड्यात भरपूर प्ले. मी म्हटलं, टर्बो राहू दे, त्याला तेल नेणारा पाइप दाखव. पाइपच्या टोकाच्या बोल्टचं भोक काळ्या कडक थरानं जवळपास बुजलं होतं. बारीक तारसुद्धा अडकत अडकत गेली. टर्बो बदलणाऱ्यानं हा पाइप जुनाच ठेवला होता. तेल पोहोचत नसेल तर तिसराही टर्बो जाणारच. एका टर्बोच्या पैशात किती वर्षांचं ऑइल आलं असतं, ते मालकांनी तिथंच मोबाइलवर मांडलं आणि गप्प बसले.

सर्व्हिस पुस्तकात साधारण ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. लोक पहिला अर्धा वाचतात. आमच्या गंगापूर रोडला निवृत्तांच्या गाड्या रोज दोन-तीन किलोमीटर चालतात. थंडीत तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही, न जळालेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेनं खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. मग डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते, आणि मालक कौतुकानं सांगतो की आमची गाडी ऑइल खात नाही! काडी नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येईल. असं पातळ झालेलं तेल दांड्याला काय तोलणार? गाडी अशी चालत असेल तर किलोमीटरकडे न बघता सहा महिन्यांत ऑइल बदला.

आणि ऑइल कोणतं? पुस्तकात लिहिलं असेल त्याच ग्रेडचं, आणि डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा बघून. तो २०२० मध्ये आला. छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जोर मागितला की कधी कधी ठिणगी पडण्याआधीच आत भडका उडतो, आणि एका दणक्यात पिस्टनची कड तुटू शकते. या भडक्याला तेलाची रासायनिक घडणही कारण ठरते, म्हणून हा दर्जा आणला. पण तेलावर सगळं सोपवू नका. मायलेजच्या लोभानं चढावर पाचव्या गिअरमध्ये गाडी रेटणारे माझ्या डोक्यात जातात. एक गिअर खाली आला तर कमीपणा येत नाही.

सेकंडहँड टर्बो गाडी बघायला गॅरेजवाला पोरगा मला घेऊन जातो तेव्हा मी सीट कव्हर बघत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बॅटरी मारतो आणि ऑइल बदलल्याची बिलं मागतो. झाकणाखाली काळी जेली आणि बिलांचा पत्ता नाही, असं असेल तर समोरचा किंमत कितीही पाडो, आम्ही चहा घेऊन निघतो.