मेंदूज्वर : जंतू मेले, मग कान का गेले? (लेखांक ५)

न्यूमोकोकस हा जंतू नाक-घशातून रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत कसा पोचतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. अँटिबायोटिकने तो मरतो. तरीही वाचलेल्यांपैकी कुणी बहिरं होतं, कुणाला झटके सुरू होतात, एखादं पोर शाळेत मागे पडतं. हे नुकसान बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकारशक्तीने केलेलं असतं.

मेंदूभोवतीच्या पाण्यात एरवी पहारा नसतोच म्हणा ना. एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी पाचाच्या आत, प्रतिपिंडंही नाममात्र. जंतू तिथे बिनघोर वाढतो. मग मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींना सुगावा लागतो, त्या रसायनं सोडून हाकारा देतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी हजारोंनी आत उतरतात. त्यांच्या विकरांनी रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, मेंदू सुजतो. कवटी काही ताणत नाही, म्हणून दाब वाढतो. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतात. आतला कान याच पाण्याशी जोडलेला, तेव्हा दाह तिथेही शिरतो. धुरा पेटवावा आणि आग उभ्या तुरीत जावी, तसं. पुढे त्या कानात हाड भरू लागलं, की कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणंही अवघड. म्हणून सुट्टी देण्याआधी कान तपासून घ्यावेतच.

पहिल्या डोसाने जंतू फुटतात, त्यांचे तुकडे पाण्यात पसरतात आणि दाह आणखी भडकतो. म्हणून डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड त्या डोसाच्या जरा आधी किंवा सोबत द्यायचं. २००२ साली युरोपात ३०१ प्रौढांवरच्या चाचणीत मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मलावीत मात्र मुलांना, पुढे प्रौढांनाही, फायदा दिसला नाही. तिथे रुग्ण उशिरा येत, अनेकांना एचआयव्ही होता.

आपला रुग्ण कुणासारखा? एचआयव्हीचं सोडा, पण उशिराच्या बाबतीत मला तो मलावीच्या जवळचा वाटतो. झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावरून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या घरात. वाटेत कुणीतरी सलाईन लावून अँटिबायोटिक दिलेलं असतं. म्हणजे पहिला डोस होऊन गेला, आणि तपासणीत जंतू सापडण्याची शक्यताही घटली.

'मान तर ताठ नाही' यावरही विसंबू नये. शेजारच्या सेवाग्रामच्या रुग्णालयात १९० संशयितांचा अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. त्यांतल्या ९९ जणांना मेंदूज्वर निघाला. पण मान ताठ असणं-नसणं यावरून खात्रीने काही सांगता येत नव्हतं. पाठीतलं पाणी काढावंच लागतं. त्याने पाय लुळे पडतात ही भीती घरोघर आहे. प्रत्यक्षात सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात.

न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरात स्टेरॉइड चारच दिवस द्यायचं असतं; क्षयाच्या मेंदूज्वरात मात्र ते आठवडेच्या आठवडे चालतं. त्याचं गणित वेगळं; ते पुढच्या लेखांकात.