पसंतिक्रमाचा रकाना

एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, अर्जात एक छोटा रकाना असतो. लष्कर, नौदल, हवाई दल, नौदल अकादमी यांचा पसंतिक्रम तिथे लावायचा असतो. सतरा वर्षांचं पोरगं तो अर्ध्या मिनिटात भरून मोकळं होतं. हवाई दल पहिलं, कारण लढाऊ विमान. नौदल दुसरं, कारण पांढराशुभ्र गणवेश. लष्कर तिसरं, कारण तिथे जागा जास्त. घरात दुचाकी घ्यायची तरी याहून जास्त चौकशी होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दल कुठलं, हा अर्धाच प्रश्न आहे. त्या दलात जाऊन रोज काम काय करायचं, हा उरलेला अर्धा, आणि तोच जास्त अवघड. पायदळातला कॅप्टन आणि आर्मी सर्व्हिस कोअरमधला कॅप्टन एकाच लष्करातले, पण एकाचा दिवस दुसऱ्याच्या दिवसाशी जुळत नाही. एक टेहळणी नाक्यावर रात्र काढतो, तर दुसरा त्या नाक्यावर रॉकेल, पीठ आणि डाळ वेळेत पोचेल की नाही या काळजीत. उलट तिन्ही दलांतले यंत्रं सांभाळणारे अधिकारी एकत्र बसवा. तासाभरात ते गाववाले भेटल्यासारखे बोलू लागतील.

महाराष्ट्रात ही निवड बऱ्याचदा गावानेच करून ठेवलेली असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. अशा गावात मिलिटरी म्हणजे लष्कर, लष्कर म्हणजे पायदळ आणि पायदळ म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, अशी सरळ वाट असते. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ची, तिचं केंद्र बेळगावात. तिथल्या कसम परेडला कोल्हापूर-साताऱ्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं गाडी करून जातात. महार रेजिमेंटही १९४१ साली बेळगावातच उभी राहिली. तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

पण पायदळ म्हणजेच लष्कर, ही समजूत मराठी माणसाने तरी सोडायला हवी, कारण लष्कराच्या बाकीच्या शाखा त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. रणगाड्यांचं आणि यांत्रिक पायदळाचं केंद्र अहिल्यानगरला, तोफखान्याची शाळा देवळालीत, लष्करी हेलिकॉप्टरचे वैमानिक घडतात नाशिकला, तर इंजिनिअर्सपैकी बॉम्बे सॅपर्स खडकीत. त्या सॅपर्समधल्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली काढून रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र मिळालं ते या कामासाठी. पुढे २०२२ साली नागपूरचे मनोज पांडे लष्करप्रमुख झाले, तेही बॉम्बे सॅपर्सचेच. इंजिनिअर्समधून त्या पदावर पोचलेले ते पहिले.

लष्करात अधिकाऱ्याला शाखा मिळते ती प्रशिक्षण संपताना. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शेवटच्या टप्प्यात पसंती विचारतात. मग गुणवत्ता, रिकाम्या जागा आणि पसंती यांचा मेळ घालून वाटप होतं. वडिलांची पलटण मागण्याची सोय आहे आणि अनेक जण ती हक्काने वापरतात. आपल्याच प्रांताची रेजिमेंट हवी, असा आग्रह मात्र अधिकाऱ्याने धरण्यात अर्थ नाही. पांडे यांच्या आधीचे लष्करप्रमुख, पुण्याचे मनोज नरवणे शीख लाइट इन्फंट्रीतले. जवानांची भाषा शिकून घ्यायची, त्यांच्याच देवाचा जयघोष करायचा, हे पायदळातल्या अधिकाऱ्याचं पहिलं काम.

पायदळाचं आयुष्य खडतर, हे सगळे म्हणतात. ते खडतर म्हणजे कसं, हे घरच्यांना फारसं कुणी सांगत नाही. फील्ड पोस्टिंग आणि पीस पोस्टिंग आलटून-पालटून येतं. फील्डला कुटुंब नेता येत नाही, म्हणजे मुलांच्या निम्म्या शाळा बाप नसताना होतात. सियाचिनला जवानाला महिना ३०,००० आणि अधिकाऱ्याला ४२,५०० रुपये भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर मिळू लागला, पण भत्त्यासाठी तिथे कुणी जात नाही. माणसांत रमणारा, थकल्यावरही चिडचिड न करणारा मुलगा असेल, तर त्याने पायदळच मागावं. त्याहून जिवंत काम तिन्ही दलांत नाही, असं मला वाटतं.

नौदलाचं आकर्षण अलीकडे मराठी मुलांत वाढलेलं दिसतं. २०२२मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, २०२३चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला. माझगाव गोदीत बांधलेल्या पाणबुडीचं नाव ‘खांदेरी’ आहे. अलिबागसमोरच्या बेटावरच्या किल्ल्याचं ते नाव. अभिमान वाटावा असंच हे सगळं. फक्त उधाणलेल्या समुद्रात पोट ढवळतं, तेव्हा त्याला इतिहास ठाऊक नसतो.

नौदलातही काम निवडावं लागतं. जहाज चालवणारे, इंजिन सांभाळणारे, वीज आणि शस्त्रं पाहणारे वेगळे. सागरी इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळतं ते ‘आयएनएस शिवाजी’वर आणि ही ‘शिवाजी’ आहे लोणावळ्याच्या डोंगरात, हा नौदलाचा आपला एक विनोद. पाणबुडीत जायचं तर आपणहून नाव द्यावं लागतं, मग विशाखापट्टणमला ‘आयएनएस सातवाहन’वर प्रशिक्षण. आत दिवस-रात्रीचा फरक घड्याळ सांगतं, आंघोळीचं पाणी मोजून, फोनचा प्रश्नच नाही. एकटेपणा सोसणारं आणि यंत्रावर जीव असणारं पोर तिथे फुलतं. चार मित्रांशिवाय ज्याला जेवण जात नाही, त्याने दुसरीकडे पाहावं.

हवाई दलाबद्दल सर्वांत जास्त स्वप्नं आणि सर्वांत कमी माहिती. गेल्या काही परीक्षांत एनडीएच्या ३७० जागांपैकी लष्कराला २०८, नौदलाला ४२ आणि हवाई दलाला १२० होत्या. हवाई दलाच्या जागांतल्या विमान चालवणाऱ्यांच्या ९२. तिथवर पोचायला हुशारी पुरत नाही, हाडंही बरोबर लागतात. वैमानिकासाठी पायाची लांबी किमान ९९ सेंटिमीटर, बसल्यावरची उंची साडेएक्क्याऐंशी ते ९६ आणि मांडी ६४ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. पाय पेडलपर्यंत पोचावेत, डोकं कॉकपिटला लागू नये, बाहेर फेकलं जाताना गुडघे अडकू नयेत, असा हा हिशेब आहे. वैमानिकाची संगणकावरची कल चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. ती हुकली की उड्डाणाची वाट बंद. जमिनीवरच्या शाखा उरतात.

आणि वैमानिक झालं, तरी लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर, हे प्रशिक्षणातली कामगिरी आणि दलाची गरज ठरवते. म्हणून हवाई दल मागणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: विमान मिळालं नाही तरी तुला हे दल हवंय का? रडार, क्षेपणास्त्रं, हवामान, हिशेब, वाहतूक नियंत्रण ही कामं त्याला मनापासून आवडणार असतील, तर खुशाल पहिला पर्याय भरावा. नांदेड जिल्ह्यातून आलेले विवेक राम चौधरी २०२१मध्ये हवाई दलप्रमुख झाले. सप्टेंबर २०२१ ते जून २०२४ या काळात लष्कर आणि हवाई दल, दोन्हींचे प्रमुख मराठी होते. दिवाणखान्यांतून याचं कौतुक झालं, पण त्यावरून आपल्या मुलाचं दल ठरवायचं नसतं.

मुलींसाठी हा हिशेब वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२मध्ये मुली खडकवासल्याच्या एनडीएत आल्या आणि मे २०२५मध्ये त्यांची १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. हवाई दलात लढाऊ विमानं त्यांना २०१६पासून खुली आहेत, लष्करात तोफखाना २०२३पासून. पायदळ आणि रणगाडे मात्र त्यांना आजही बंद आहेत. तेव्हा लष्कर मागणाऱ्या मुलीने तिथे कुठल्या शाखा मिळतील, हे आधी पाहावं. वैद्यकीय वाट वेगळी. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल पदापर्यंत गेल्या, पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

अग्निवीरांची गोष्ट सर्वांत निकडीची, कारण गावागावांतल्या अकॅडम्यांत पहाटे धावणारी पोरं त्याच वाटेने निघालीत. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे, दहा पुलअप्स काढायचे, एवढंच लक्ष्य डोळ्यांसमोर. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या योजनेत नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करायचं, बाकीच्यांनी सेवानिधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास रुपये घेऊन घरी यायचं. म्हणजे बहुतेकांना पंचविशीच्या आत दुसरं काम शोधायचंय. अशा वेळी कुठलं दल याहून कुठला ट्रेड हे जास्त मोलाचं. बारावीला गणित-भौतिकशास्त्र असलेल्या पोराने नौदलाच्या एसएसआर या नाविक भरतीची किंवा हवाई दलाच्या अग्निवीरवायूची परीक्षा दिलीच नाही आणि मित्र चाललेत म्हणून लष्कराच्या जनरल ड्यूटीच्या मैदानात उतरला, तर तो स्वतःच्या हाताने दोन दारं लावून घेतो. हे त्याला सांगणारं अकॅडमीत सहसा कुणी नसतं. तिथे फी धावण्याची असते.

दारं खरी बंद होतात ती अकरावीत, विषय निवडताना. एनडीएच्या लष्करी शाखेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत राज्य सरकार १९७७पासून मुलांची तयारी करून घेतं; मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. त्यांच्या प्रवेशपरीक्षेची चौकशी दहावीच्या वर्षातच करायची असते, निकालानंतर नाही.

एनडीएच्या पहिल्या परीक्षेची अधिसूचना साधारण डिसेंबरात निघते. दिवाळीच्या सुट्टीत मुला-मुलीला नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन नंबर आणि रंग ओळखण्याची चाचणी करून घ्या, पाय मोजा, मग रकाना भरा.