रुपयाची खूण : डोळ्यांसाठी आणि यंत्रासाठी



मालवणच्या मासळीबाजारात सकाळी गेलात तर बांगड्यांच्या टोपलीशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेली एक पाटी दिसेल. गिऱ्हाईक तिच्यावर मोबाइल रोखते, पैसे पोहोचल्याची सूचना ऐकू येते आणि काकी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. नोट नाही, नाणे नाही. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे गेला तो फक्त एक आकडा. पण नुसता आकडा म्हणजे पैसे नव्हेत. २५० म्हणजे अडीचशे काय? ग्रॅम, मीटर की रुपये? आणि रुपये, तर कोणाचे?

शेवटचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आमच्या जिल्ह्यातील वयोवृद्ध माणसांना विचारा. बांद्याच्या पलीकडे, पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोव्यात, १९५८ पर्यंत वेगळा रुपया चालत असे. त्याचे नाव 'रुपिया'. आपल्या रुपयाचे तेव्हा सोळा आणे, तर त्यांच्या रुपियाचे सोळा तांगे. १९५८ साली त्याची जागा एस्कुदोने घेतली. एका रुपियाला सहा एस्कुदो. त्या काळी सीमेवरच्या एखाद्या व्यापाऱ्याने वहीत नुसते 'रु. १०' असे लिहिले असते, तर ते कोणते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक. वाचणाऱ्याने काय समजावे? आजही पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका आणि मॉरिशस या देशांच्या चलनाचे नाव रुपयाच आहे.

हा घोटाळा टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७८ साली ४२१७ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक चलनाला तीन रोमन अक्षरांचा संकेत आहे. पहिली दोन अक्षरे देशाची, तिसरे बहुधा चलनाच्या नावाचे. आपला रुपया 'आय-एन-आर', पाकिस्तानचा 'पी-के-आर', नेपाळचा 'एन-पी-आर'. शिवाय एक अंकी संकेतही असतो, आपला ३५६. जे कोणत्याच देशाचे नाही त्याचा संकेत 'एक्स'ने सुरू होतो. सोन्याचा संकेत 'एक्स-ए-यू' आहे. त्यातले 'ए-यू' कुठून आले हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नकोच.

हा झाला बँकांमधील व्यवहाराचा संकेत. पण दुकानाच्या पाटीवर 'आय-एन-आर' कोण लिहिणार? तेथे नजरेला चटकन ओळखू येईल असे चिन्ह हवे. केंद्र सरकारने २००९ साली त्यासाठी खुली स्पर्धा घेतली. तीन हजारांहून अधिक चित्रे आली आणि १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांचे चित्र स्वीकारले गेले. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मध्ये ते तेव्हा संशोधन करीत होते. देवनागरी 'र' आणि उभा दांडा काढलेला रोमन 'आर' यांचा तो मेळ आहे. वरची रेघ म्हणजे आपली शिरोरेषा. खडूने पाटीवर चार फटकाऱ्यांत काढता येते, हा त्याचा मोठा गुण. बारीक छपाईत मात्र त्याच्या दोन आडव्या रेघा एकमेकींत मिसळतात, अशी माझी एक तक्रार आहे.

चिन्ह ठरले, पण काम संपले नाही. संगणक चित्र लक्षात ठेवीत नाही, क्रमांक लक्षात ठेवतो. वर्गातील हजेरीपटाची कल्पना करा. पटावर क्रमांक असतो, चेहरा नसतो. 'फाँट' म्हणजे त्या क्रमांकांपुढे काढलेल्या चेहऱ्यांचा संच. 'युनिकोड' या जागतिक पटावर रोमन मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, तर आपल्या 'क'चा २३२५. नव्या चिन्हाला ऑक्टोबर २०१० मध्ये ८३७७ हा क्रमांक मिळाला.

तो सर्व संगणकांपर्यंत पोहोचेपर्यंत लोकांनी एक पळवाट काढली होती. कळफलकावर सहसा न लागणारी एक तिरकी बारीक खूण असते. तिचा क्रमांक ९६. काही फाँटमध्ये या ९६ क्रमांकापुढे रुपयाचे चित्र बसवले गेले. म्हणजे पटावर नाव एकाचे आणि बाकावर बसलेला दुसराच! मीही तसा एक फाँट वापरून २०११ साली प्रयोगशाळेच्या साहित्याची यादी केली. माझ्या पडद्यावर सारे ठीक दिसत होते. ज्यांच्याकडे यादी पाठवली त्यांच्याकडे तो फाँट नव्हता. तेथे 650 या आकड्यामागे ती तिरकी खूण उमटली, फॅक्सवर ती आणखी फुगली, आणि व्हर्निअर कॅलिपरची किंमत 1650 वाचली गेली. दूरध्वनीवर खुलासा करता करता माझी पुरेवाट झाली. चूक सर्वस्वी माझी होती.

युनिकोडमध्ये रुपयाची एक जुनी खूण, रोमन 'आर' आणि 'एस' जोडलेली, ८३६० क्रमांकावर आधीपासून होती. मग तिचेच चित्र बदलून का टाकले नाही? कारण तो क्रमांक केवळ आपला नव्हता. चित्र बदलले असते, तर ज्या नेपाळी वा पाकिस्तानी कागदपत्रांत तो वापरला होता त्यांत एका रात्रीत भारताचे चिन्ह उमटले असते. अर्थ वेगळा, म्हणून क्रमांक वेगळा.

आता डिजिटल रुपयाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने १ नोव्हेंबर २०२२ रोजी बँकांच्या आपसांतील घाऊक व्यवहारांसाठी आणि १ डिसेंबर २०२२ रोजी सर्वसामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू केली. काकींच्या पाटीवरून नेहमी जातात ते बँकेच्या खात्यातील पैसे. डिजिटल रुपया ही मात्र नोटेप्रमाणे खुद्द रिझर्व्ह बँकेची देणी असते. त्याची खूण म्हणजे ₹ च्या आधी रोमन लहान 'ई'. म्हणजे काय, तर १०१ आणि ८३७७ हे दोन जुनेच क्रमांक शेजारी शेजारी. नवे चिन्ह नाही आणि मानक ४२१७ मध्ये नवा तीन अक्षरी संकेतही नाही.

हा आळस नव्हे. बँकांच्या यंत्रांच्या दृष्टीने दोन वेगळे संकेत म्हणजे दोन वेगळी चलने, आणि दोन चलने म्हटली की त्यांच्यात विनिमयाचा दर आला. एक डिजिटल रुपया बरोबर एक रुपया, हे तर त्याचे मूळ वचन! तुर्कस्तानने २००५ साली आपल्या लिरावरील सहा शून्ये काढली, तेव्हा नाव लिराच राहिले, पण संकेत बदलावा लागला. कारण किंमत बदलली होती. आपल्याकडे २०१६ साली पाचशेची जुनी नोट जाऊन नवी आली तेव्हा संकेताला हात लावावा लागला नाही. रुपया तोच होता.

बिटकॉइनची गोष्ट उलटी. त्याला देश नाही, आणि किंमत रोज हलते. लोक त्याला 'बी-टी-सी' म्हणू लागले. पण मानकाच्या नियमाप्रमाणे 'बी-टी' ही अक्षरे भूतानची! म्हणून काहींनी 'एक्स-बी-टी' वापरले. मानकात दोन्ही नाहीत. त्याच्या चिन्हाला मात्र २०१७ साली युनिकोडमध्ये ८३८३ क्रमांक मिळाला, आपल्या रुपयापासून अवघ्या सहा घरांवर. अशा देशविरहित डिजिटल नाण्यांसाठी २०२१ साली २४१६५ क्रमांकाचे निराळे मानक आले. त्यातील ओळखक्रमांक नऊ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातला एक, आधीच्या आठांत चूक झाली तर ती पकडण्यासाठी ठेवलेला असतो.

शाळेच्या संगणकावर एक प्रयोग करून पाहा. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फक्त रोमन 'आर' टंकित करा, 'यूटीएफ-८' पद्धतीने साठवा आणि फाइलचा आकार पाहा : एक बाइट. आता त्याऐवजी ₹ टाका : तीन बाइट. ८३७७ हा क्रमांक एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून तो २२६, १३० आणि १८५ अशा तीन तुकड्यांत साठवला जातो. त्याच्या आधी लहान 'ई' लिहिलात तर चार. (काही जुन्या संगणकांवर दर वेळी तीन बाइट जास्त दिसतील, फाइलच्या आरंभी ते आपली एक खूण घालतात.) शेवटी आपले जुने 'रु.' टिंबासह लिहून पाहा. सात बाइट येतील. ते कसे, हे 'र', उकार आणि टिंब वेगवेगळे मोजून पडताळा.