स्मॉलबोअर रायफलची सफाई-साधने

स्मॉलबोअर रायफलची सफाई-साधने म्हणजे ०.२२ इंच (५.६ मिमी) व्यासाच्या रायफलीची नळी, चेंबर व बोल्ट स्वच्छ ठेवण्यासाठी वापरला जाणारा गज, ब्रश, चिंद्या, पुलथ्रू, द्रावक, तेल इत्यादी साहित्य होय. ५० मीटर नेमबाजीत याच व्यासाची रायफल वापरतात. या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवले, तर स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांत, विद्यार्थ्यांचा या रायफलीशी पहिला संबंध बहुधा राष्ट्रीय छात्र सेनेच्या (एनसीसी) सरावात येतो. ऑलिंपिकपटू अंजली भागवत यांची नेमबाजीही मुंबईत छात्र सेनेतूनच सुरू झाली.

नळीत काय साचते

साधने निवडण्यापूर्वी मळाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ०.२२ लाँग रायफल काडतुसातील गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची व बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते. तिच्यावर मेणाचा किंवा चरबीयुक्त पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे नळीत मुख्यतः मेण, जळलेल्या दारूची काजळी आणि थोडे शिसे उरते. तांबे जवळजवळ नसते. लष्करी ५.५६ मिमी रायफलीच्या नळीचा व्यास जवळपास तेवढाच असला, तरी तिच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. मुदखेड येथील केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा चाकूर येथील सीमा सुरक्षा दल यांच्या सेवेतील शस्त्रांसाठी योग्य ठरणारे तांबे विरघळवणारे अमोनियायुक्त द्रावक स्मॉलबोअर रायफलीस म्हणूनच अनावश्यक होय. ब्रशचे माप जुळले म्हणजे सर्व साहित्य जुळले, असा समज अनेकदा आढळतो. तो चुकीचा आहे.

जुन्या काडतुसांच्या प्रज्वलक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. त्यापासून उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषून नळी गंजवी. तेल लावून हा क्षार निघत नसल्याने नळी उकळत्या पाण्याने धुण्याची प्रथा पडली. आजच्या काडतुसांत असे मिश्रण नसते. त्यामुळे प्रत्येक सरावानंतर नळी घासून काढण्याचे कारण उरलेले नाही.

गज आणि गज-मार्गदर्शक

सफाईचा गज हे सर्वांत महत्त्वाचे साधन असून नळीचे सर्वाधिक नुकसानही त्याच्यामुळेच होऊ शकते. तो अखंड असावा. स्क्रूने जोडावयाचे तीन-चार तुकड्यांचे ॲल्युमिनियमचे गज स्वस्त मिळतात, परंतु त्यांचे सांधे वाकतात व कडा नळीतील सर्पिल खाचांवर घासतात. शिवाय मऊ ॲल्युमिनियममध्ये धुळीचे कण रुतून बसतात आणि गज कानशीसारखा काम करू लागतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात, काळ्या मातीची बारीक धूळ सर्वत्र उडत असताना, हा दोष विशेष जाणवतो. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेला पोलादी गज किंवा कार्बन तंतूंचा गज घ्यावा व प्रत्येक फेरीनंतर तो पुसावा. ब्रश खाचांच्या वळणाबरोबर फिरावा यासाठी मुठीत बॉल बेअरिंग असणे इष्ट असते.

गज नेहमी मागील बाजूने, म्हणजे चेंबरकडून, आत घालावा. नळीच्या पुढील तोंडाची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती एका बाजूने झिजली तर गोळी बाहेर पडताना वायू असमान सुटतो आणि नेम विखुरतो. ५० मीटरच्या लक्ष्यावर १० गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिमी व्यासाचे असते. त्या हिशेबात ही झीज क्षुल्लक नाही. बोल्ट काढल्यावर त्याच्या जागी बसणारा गज-मार्गदर्शक गजाला मध्यावर ठेवतो आणि द्रावक ट्रिगरच्या यंत्रणेत उतरू देत नाही. ज्या रायफलीचा बोल्ट मागून निघत नाही, तिच्यासाठी गजापेक्षा पुलथ्रू बरा.

ब्रश, चिंद्या व पुलथ्रू

ब्रश फॉस्फर ब्राँझचा किंवा नायलॉनचा असावा. पोलादी तारांचा कधीही नसावा. ब्राँझचा ब्रश शिसे साचल्याची खूण दिसल्यावरच वापरावा आणि नळीच्या मध्येच उलट न फिरवता पूर्ण बाहेर काढूनच मागे घ्यावा. चेंबरच्या तोंडाशी काजळी व मेणाचे कडक कडे तयार होते. ते काढण्यासाठी थोडा रुंद, आखूड ब्रश वेगळा ठेवतात.

चिंदी हा शब्द सैन्य, पोलीस व छात्र सेना या तिन्ही ठिकाणी रूढ आहे. धुतलेल्या, मऊ सुती कापडाच्या चिंद्या घरीही करता येतात. मात्र ती गजाच्या टोकावरील जॅगवर बेताने घट्ट बसावी. फार जाड चिंदी नळीत अडकते आणि ती ठोकून काढताना गज वाकतो. फेल्टच्या तयार गोळ्याही चांगल्या, १० मीटर एअर रायफलसाठी (४.५ मिमी) तर बहुधा त्याच पुरतात. एअर रायफलीच्या नळीत किंवा हवेच्या मार्गात ज्वलनशील द्रावक व तेल घालू नये, कारण दाबाखालील हवेत ते पेट घेऊ शकते.

दोरीचा पुलथ्रू हलका व प्रवासास सोयीचा असतो. दोरी तिरपी ओढल्यास तीही नळीच्या तोंडाला घासते, म्हणून ती सरळ रेषेत ओढावी.

तेल आणि साठवण

शस्त्रासाठीचे पातळ खनिज तेल वापरावे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते व बोल्ट जड करते. जून ते सप्टेंबरच्या दमट काळात नळीत तेलाचा पातळ थर ठेवणे योग्य. गोळीबारापूर्वी तो कोरड्या चिंदीने पूर्ण पुसणे अनिवार्य आहे. स्वच्छ केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या विखुरतात व मेणाचा थर पुन्हा बसल्यावरच नेम स्थिरावतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री केलेली कसून सफाई बहुधा तोट्याचीच ठरते.

सुरक्षितता

सफाईपूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करतात. काडतुसे त्या खोलीत ठेवत नाहीत. वापरलेल्या चिंद्यांवर शिसे असते. त्या जाळू नयेत. झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. काम खेळत्या हवेत करावे आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. एकाच खोलीत अनेक कॅडेट रायफली पुसत असताना चहा-फराळ बाहेर ठेवणे हाच सोपा उपाय आहे.