मांजरे का झिंगू लागली?

जपानच्या क्यूशू बेटावर समुद्रकाठी मिनामाता हे गाव आहे. १९५० नंतर तेथील मांजरे झिंगल्यासारखी चालू लागली, गरगर फिरून मरू लागली. मग माणसांचेही हातपाय बधिर होऊ लागले, बोलणे अडखळू लागले. १ मे १९५६ रोजी या अनोळखी रोगाची अधिकृत नोंद झाली.

प्रथम हा संसर्गजन्य रोग असावा असे वाटले. पण रोगी बहुतेक कोळ्यांच्या घरचे होते. कोळी आणि मांजर, दोघांचेही रोजचे अन्न कोणते? खाडीतील मासे!

तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात पाऱ्याचे संयुग वापरीत. त्यापासून तयार होणारे मिथिल मर्क्युरी हे विष सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. पाण्यात त्याचे प्रमाण अत्यल्प. मग एवढी बाधा कशी? हे विष शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. सूक्ष्म जीवांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे. प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. शेवटच्या पायरीवर मांजर आणि माणूस!

१९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी एका मांजराला सांडपाणी मिसळलेले अन्न दिले. त्याला तोच रोग जडला. पण हा निष्कर्ष दडवला गेला आणि १९६८ पर्यंत विष समुद्रात जातच राहिले.

म्हणून अनोळखी आजार दिसला की केवळ जंतू शोधून भागत नाही. आजारी माणसांच्या अन्नात, पाण्यात, हवेत समान काय आहे, तेही तपासावे लागते. आणि सापडलेले उत्तर उघडपणे सांगावेही लागते.