कोयत्याच्या पात्यांतील कण

ऊंसतोडीचा हंगाम जवळ आला म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील कुटुंबें घर बंद करून कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि त्यांच्या सामानांत पहिली वस्तु असते ती कोयता. या धंद्यांत पति-पत्नींच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबानें, आणि मजुरी मिळते ती तोडलेल्या टनांवर. अशा वेळीं फडांत पातें मोडलें, तर त्या दिवसाचे टन घटतात. आतां नवल असें कीं, मोटारीच्या एकाच जुन्या कमानपाट्यांतून घडविलेल्या दोन कोयत्यांपैकीं एक हंगामभर टिकतो आणि दुसरा आठवड्यांत मुठीपाशीं कडकन मोडतो. लोक लोखंडाला दोष देतात. पण लोखंड तर एकच होतें! मग भेद पडला कोठें?

पुष्कळदां तो पडतो कणांच्या आकारांत. पोलाद वरून एकसंध दिसलें, तरी तें असंख्य बारीक स्फटिककणांचें बनलेलें असतें. शेफील्ड येथील हेन्री सॉर्बी यांनीं १८६३-६४ च्या सुमारास पोलादाचा तुकडा आरशासारखा घांसून, त्याला सौम्य अम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां ही रचना स्पष्टपणें नजरेस आली. चांगल्या पात्यांत एका कणाची रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी असूं शकते. बिघडलेल्या पात्यांत ती पांचव्या भागापर्यंतही जाते.

प्रत्येक कणांत अणूंचे थर शिस्तीनें रचलेले असतात. मात्र शेजारच्या कणांत त्या थरांची दिशा निराळी असते. धातु वांकतो, म्हणजे वास्तविक हे थर एकमेकांवरून घसरतात. ही घसर कणाच्या सीमेशीं आली कीं अडते. आमच्या बालाघाटाच्या उतारावर पावसाचें पाणी मोकाट धांवत सुटतें. पण त्याच उतारावर जवळजवळ बांध घातले, तर दर बांधाशीं त्याचा जोर मोडतो. कण जितके लहान, तितके बांध अधिक. हॉल यांनीं १९५१ मध्यें व पेच यांनीं १९५३ मध्यें याचें गणित मांडलें. कणाचा व्यास चौथाई केला, तर सीमांमुळें मिळणारें बळ दुप्पट होतें. एरव्हीं पोलाद अधिक कठीण करावें, तर तें ठिसूळ होत जातें. कण बारीक केल्यानें मात्र बळ आणि चिवटपणा हे दोन्ही गुण एकदम वाढतात. असा दुहेरी लाभ देणारा दुसरा उपाय धातुशास्त्रांत सहसा आढळत नाहीं. तोडणी पहांटेच्या थंडींत सुरू होते, आणि मोठ्या कणांच्या पोलादाचा ठिसूळपणा थंडींत अधिकच लवकर उघडा पडतो.

हे कण मोठे कसे होतात? भट्टींत. पोलाद तांबडें लाल झालें, कीं त्याची आंतील रचना पालटते व ऑस्टेनाइट नांवाची नवी रचना तयार होते. (लोहचुंबक सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडला लोखंड ओढीनासा होतो, ही एक सोपी खूण जवळ ठेवण्यासारखी आहे.) कमानपाट्याला सुमारें ८५० अंश पुरतात. परंतु घाईनें भाता मारून पातें पिवळेंजर्द केलें, कीं मोठे कण लहान कणांना गिळूं लागतात, आणि ११०० अंशांच्या पुढें तर ते झपाट्यानें वाढतात.

यापुढची गोष्ट अधिक फसवी आहे. तापलेलें पोलाद सावकाश निवालें, तर त्यांत पर्लाइट नांवाची मऊ रचना होते, आणि तिचा आरंभ बहुधा कणांच्या सीमांवर होतो. सीमा पुष्कळ असल्या, कीं आरंभाचीं ठिकाणें पुष्कळ. म्हणून बारीक कणांचें पोलाद लवकर मऊ रचनेकडे वळतें. मोठ्या कणांच्या पोलादाला तसा वेळ लागतो, आणि पाणी पाजतांच तें खोलवर कठीण होतें. म्हणजे त्यांत मार्टेन्साइट होतें. कानस लावली तर ती निसटते. लोहाराला वाटतें, पाणी छान बसलें! पण प्रत्येक जुन्या कणाच्या जागीं आतां मार्टेन्साइटच्या रुंद जुड्या असतात, आणि एकदां पडलेली भेग त्यांतून न अडतां दूर धांवते. पुष्कळदां तर पाण्यांत बुडवितांनाच केसाएवढी चीर पडते व ती फडांत जाईपर्यंत दिसत नाहीं.

मोडलेला तुकडा फेंकण्यापूर्वीं त्याची ताजी फूट उन्हांत धरून पाहावी. ती खडीसाखरेसारखी चकाकली, तर कण मोठे झाले आहेत. राखी, मळकट व रेशमासारखी मऊ दिसली, तर बारीक आहेत.

बरें, बिघडलेलें पातें वांयां गेलें काय? ठिणग्या उडेपर्यंत जाळलें असेल, तर गेलें; त्याच्या सीमाच करपलेल्या असतात. तसें नसेल, तर तें पुन्हा लाल होईपर्यंतच तापवावें आणि वाऱ्यावर निवूं द्यावें. रचना पालटतांना नवे कण अनेक ठिकाणीं जन्म घेतात, आणि असें दोनतीनदां केलें म्हणजे जुने मोठे कण मोडून बारीक होतात. मग लाल असतांनाच तेलांत बुडवावें. पाण्यापेक्षां तेल सौम्य. शेवटीं घांसून उजळ केलेल्या पात्याला मंद आंच द्यावी. त्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो, सुमारें २३० पासून ३०० अंशांपर्यंत. धारेशीं पिवळा रंग ठेवून मुठीकडे निळा येऊं द्यावा. कोयता मोडतो तो तेथेंच.