‘निगेटिव्ह’ म्हणजे डेंग्यू नाही?

पावसाळ्यात तापाचा रुग्ण असलेल्या घरी लॅबचा रिपोर्ट आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात: ‘निगेटिव्ह आहे, म्हणजे डेंग्यू नाही.’ एलायझा चाचणी रक्तातला विषाणू थेट हुडकते, हा समज यामागे आहे. ती हुडकते विषाणूची खूण. डेंग्यूच्या आयजीएम एलायझाचंच बघा. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये रुग्णाचा सीरम घालतात आणि खळग्याला आधीच चिकटवलेली प्रतिपिंडं त्यातलं आयजीएम, म्हणजे रुग्णाच्या शरीराने बनवलेलं एक प्रतिपिंड, धरून ठेवतात. मग डेंग्यूचं अँटिजेन, त्यावर ते ओळखणारं आणखी एक प्रतिपिंड आणि त्याला जोडलेलं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम. दर टप्प्याला प्लेट धुतात. ज्याला धरायला काही मिळालं नाही ते वाहून जातं. शेवटी टीएमबी नावाचं रंगहीन रसायन घातलं की टिकून राहिलेलं एन्झाइम त्याला निळं करतं, आम्ल घातल्यावर ते पिवळं होतं आणि यंत्र तो पिवळेपणा मोजतं. एन्झाइमचा एक रेणू रसायनाचे असंख्य रेणू पालटतो, म्हणून एरवी न दिसणारी खूण दिसते. स्टॉकहोममध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे. पण ओळख पटवतात ती प्रतिपिंडं; एन्झाइम फक्त बोभाटा करतं.

खूण कधी उमटते, यावरच मग सारं अवलंबून. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत सापडतं. आयजीएम पाचव्या दिवसाच्या सुमारास मिळू लागतं आणि दोन-तीन महिने रेंगाळतं. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरत नाही. उलट, आजचा ताप भलत्याच कशाचा असला तरी दोन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर जुनी प्रतिपिंडं एनएस१ला वेढून टाकतात आणि त्याची चाचणीही हुकू शकते. झिका किंवा जपानी मेंदूज्वराचे विषाणू डेंग्यूच्याच कुळातले. त्यांची प्रतिपिंडंही कधीकधी डेंग्यूची म्हणून खपून जातात.

मग सरळ पीसीआर का करू नये? पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश पकडते हे खरं, पण तो अंशही पहिल्या पाचेक दिवसांतच हाती लागतो, शिवाय खर्च आणि यंत्रसामग्री जास्त. ‘एवढी अनिश्चितता असेल तर चाचणी करायचीच कशाला,’ हा दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. ताप कितव्या दिवसाचा आहे हे फॉर्मवर लिहिलं आणि त्यानुसार चाचणी निवडली, तर एलायझाचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं असतं. डॉक्टर तरीही प्लेटलेट, हिमॅटोक्रिट आणि पोटदुखी-उलट्यांवर लक्ष ठेवतात, कारण उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी कार्ड टेस्ट म्हणजे एलायझाच, असंही सर्रास समजलं जातं. तत्त्व जवळचं असलं तरी कार्डवर रेघ दिसते की नाही हे माणूस डोळ्यांनी ठरवतो, आणि कार्डाची अचूकता कमी पडते. म्हणून सरकारी नियमांनुसार केवळ कार्डावर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण ‘संभाव्य’ धरतात आणि एलायझाने खात्री करतात. त्यासाठीचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. महापालिकेचा आकडा आणि खासगी दवाखान्यांत ऐकू येणारा आकडा जुळत नाही, तेव्हा लोकांना लपवाछपवीचा संशय येतो. तशी ती कधी होत नसेलच असं नाही, पण पुष्कळदा फरक याच मोजणीतला असतो: एकीकडे कार्डावरचे पॉझिटिव्हही धरलेले, दुसरीकडे फक्त एलायझाने खात्री झालेले.